चिकटपट्टीची नवरी

"हात खाली नको सोडूस," डेल म्हणाला. "नवरी काहीतरी मागतेय असं दिसलं पाहिजे."

"काय मागतेय?"

"ते बघणाऱ्यानं ठरवावं. तू हलू नकोस."

ग्लेंडाने हात पुढे धरले, तळवे वर. कोपरांना टेकू म्हणून डेलने समोर इस्त्रीचं टेबल लावून दिलं होतं. गॅरेजमध्ये गार होतं. तो तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता आणि प्रत्येक फेरीला खोकी बंद करायची पारदर्शक चिकटपट्टी चरचरत तिच्या अंगावर बसत होती. आधी उरलंसुरलं अन्न झाकायचा पातळ प्लास्टिकचा कागद आणि त्यावर पट्टीचे तीन थर, मानेपासून थेट खाली. मग पाठीवर उभा काप घ्यायचा, आतलं माणूस बाहेर काढायचं, काप पुन्हा पट्टीने सांधायचा आणि पोकळीत एक दिवा सोडायचा, की अंगणात काचेचं भूत उभं. दुकानात असली भुतं मिळत नाहीत आणि मिळाली तरी परवडली नसती. ही युक्ती ग्लेंडाची. सात वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात बसून तिने ती आपल्याच डाव्या हातावर करून बघितली होती. तेव्हा डेल बाहेरच्या खोलीत फुटबॉलची मॅच बघत होता.

एरवी हे काम तुकड्यातुकड्यांनी होतं. आज हात, उद्या पाय, परवा धड, आणि शेवटी सगळं जोडायचं. पण गेल्या वर्षी ऐन वेळी वारा सुटला, एका भुताचा सांधा कमरेत निसटला आणि वरचं अर्धं भूत दुसऱ्या दिवशी पाद्रीबुवांच्या कुंपणात सापडलं. गावाला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली. डेलला ते लागलं होतं. या वर्षीची नवरी अखंड करायची, गळ्यापासून झग्याच्या घेरापर्यंत एकही सांधा नको, असं त्याने ठरवलं. म्हणून ग्लेंडाचे दोन्ही पाय एकत्र, त्यांच्याभोवती तारेचं कडं आणि त्यावरून पट्टी. बोटंसुद्धा एकमेकांना जोडून गुंडाळलेली. बोटं शेवटी घेऊ, असं ती दोनदा म्हणाली होती. हाताची ढब बिघडेल, म्हणून त्याने ऐकलं नाही.

दिवस गुरुवारचा. हॅलोविन शनिवारी असला तरी बेकर्स रनच्या गावसभेने पोरांच्या खाऊ मागत दारोदार फिरण्याची वेळ गुरुवारी सहा ते आठ अशी ठरवली होती. ओहायोच्या या भागात तिला भिकाऱ्यांची रात्र म्हणतात आणि ती कधी असावी हे कॅलेंडर नव्हे, गावसभा ठरवते. ज्याच्या ओसरीवर दिवा, त्याच्या दारी पोरं. डेल आणि ग्लेंडा राऊश यांच्या दारी मात्र पोरांच्या आईबापांचीही रांग लागायची, शेजारच्या तीन गावांतून गाड्या यायच्या.

कारण अंगणात राऊशांचं स्मशान असायचं. थर्माकोलच्या कबरी, त्यांवर भुसा आणि गोंदाचं शेवाळ. कॉफीत बुडवून कळकट केलेल्या जुन्या चादरींची प्रेतवस्त्रं. दुधाच्या रिकाम्या कॅनांच्या कवट्या, वर्तमानपत्राच्या सुरळ्यांची हाडं, झुडपांतून बघणारे पुठ्ठ्याच्या नळ्यांचे डोळे. हे सगळं ऑगस्टपासून ग्लेंडाच्या हातून व्हायचं, सुपरमार्केटमध्ये दिवसभर केकवर लोकांची नावं लिहून घरी आल्यानंतर. डेल खुंट्या ठोकायचा आणि आलेल्या माणसांशी बोलायचा. वर्तमानपत्रात फोटो आला तोही त्याचाच, कबरीवर कोपर टेकून. फोटो काढला तेव्हा ग्लेंडा शिडीवर चढून वटवाघूळ बांधत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर डेल तसा लबाड नव्हता. "आम्ही करतो" असं तो म्हणायचा आणि त्याला ते मनापासून खरं वाटायचं. अशा माणसाशी भांडायचं तरी काय म्हणून?

गेल्या वर्षी त्या गर्दीत एक उंच, पिकल्या केसांची बाई आली होती. ती कबरीपाशी उकिडवी बसली, शेवाळावरून बोट फिरवलं आणि हे कसं केलं म्हणून विचारलं. डेल म्हणाला, काही नाही, आम्ही असंच काहीबाही करतो. ग्लेंडा मागून म्हणाली, की रंधा मारलेला भुसा घ्यायचा, करवतीचा नाही, करवतीचा भुसा गोंद पितो. बाईने मान वळवून तिच्याकडे, म्हणजे तिच्या हातांकडे बघितलं आणि आपलं कार्ड दिलं. पॉमेरॉयबाई डेटन शहरातल्या एका नाटकमंडळीच्या कारखान्याची प्रमुख होती. रंगमंचावर लागणारी खोटी भांडी, खोटे पुतळे, खोटी मेजवानी, सगळं तिथे तयार व्हायचं.

दहा दिवसांपूर्वी तिचा फोन आला. एक जागा रिकामी होतेय, गुरुवारी तीन वाजता या, केलेल्या कामाचे फोटो आणा. काम नोव्हेंबरपासून. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहावं लागेल, नाटक उभं राहत असलं की रात्री उशीर होतो. भाड्याची खोली मंडळीच बघून देईल.

ग्लेंडाचं वय बावन्न. आजवर तिला कुणी कशासाठी बोलावलं नव्हतं. सुपरमार्केटमध्येही ती आपण होऊन अर्ज द्यायला गेली होती. तिने कबरींचे, कवट्यांचे, काचेच्या भुतांचे फोटो पाकिटात घातले, पाकीट गाडीच्या सीटखाली सरकवलं आणि घरात सांगितलं, की गुरुवारी तीनला दाताच्या डॉक्टरची वेळ आहे. डेलला खरं का सांगितलं नाही? तो रागावला नसता. तो हसला असता, अगदी प्रेमाने, की या कचऱ्याचा कुणी पगार देतं होय गं. आणि हसून झाल्यावर म्हणाला असता, मग आईचं काय?

आई म्हणजे डेलची आई इर्मा, वय चौऱ्याऐंशी. अकरा वर्षं त्यांच्याकडेच. चालायला चौकट लागायची, हात थरथरायचे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. सुई ग्लेंडा टोचायची, पायाची नखं ग्लेंडा कापायची, आणि म्हातारी कधी धड आभार मानायची नाही की कधी वाकडं बोलायची नाही. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, ग्लेंडाच्या बाबतीत आडही प्रेमळ होता आणि विहीरही.

तर साडेबारा झाले होते. डेटन चाळीस मिनिटांवर, दोनला निघालं तर आरामात पोचता येणार होतं. पट्टीचा शेवटचा थर चढत होता, आणि गावातला भोंगा वाजला.

बेकर्स रनला पगारी बंबवाले नाहीत. गावातलेच वीस-बावीस बाप्ये, भोंगा झाला की हातातलं टाकून धावतात. डेल सव्वीस वर्षं धावत होता. त्याने पट्टी दातांनी तोडली, कमरेचा पेजर कानाला लावला. विल्हेल्मच्या शेतात कापणी यंत्र पेटलं होतं, आणि मका वाळून खडंग झालेला.

"आधी मला काप," ग्लेंडा म्हणाली.

"दोन मिनिटांत आलो. आई आहे ना घरात, हाक मार."

"डेल, कैची—"

तोवर तो निघालासुद्धा होता. बोथट टोकाची कैची त्याच्या मागच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबर गेली. जाताजाता सवयीने त्याने भिंतीवरचं बटण दाबलं, आणि गॅरेजचं मोठं दार कुरकुरत खाली येऊन टेकलं.

ग्लेंडा उभी राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गुडघे वाकत नव्हते, पाय वेगळे होत नव्हते, पंजे वल्ह्यांसारखे चपटे झाले होते. उड्या मारत जावं तर तोल गेला असता, आणि खाली सिमेंट. पडल्यावर उठता आलं नसतं. पट्टीच्या आत घाम साचत होता, बाहेर मान गारठत होती. तिने इर्माला हाका मारल्या. भिंतीपलीकडे टीव्हीवर कुणीतरी मोटार जिंकत होतं आणि माणसं आरडाओरडा करत होती. घरात असली की म्हातारी कानातलं यंत्र काढून ठेवते, बॅटरी वाया जाते म्हणून.

पाऊण वाजता बाजूच्या दारापाशी पावलं वाजली. टपालवाला लॉनी. त्याची चाल तिला पाठ होती, डावा पाय जरा घासत टाकतो.

"लॉनी," ती ओरडली. "लॉनी, सोडव मला. मी अडकलेय इथं."

पावलं थांबली. मग लॉनी हसायला लागला.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी डेलने तिचाच आवाज यंत्रावर भरून घेतला होता, "सोडवा मला, मी अडकलेय", आणि तो एका खोक्यात घालून गॅरेजच्या दाराआड रात्रभर वाजवत ठेवला होता. पोरं किंचाळत पळाली होती. अख्ख्या गावाला तो आवाज ओळखीचा होता.

"अरे मी ग्लेंडा आहे. खरीच ग्लेंडा. मला बाहेर जायचंय रे."

"या वर्षी नावपण सांगतेय," लॉनी दाराला उद्देशून म्हणाला. "डेल, पठ्ठ्या, मानलं तुला."

पुडकं पायरीवर ठेवल्याचा आवाज आला आणि पावलं डावा पाय घासत निघून गेली. ग्लेंडाला हसू आलं. मग हसू गेलं. आपण जितकं जीव तोडून ओरडू तितकी डेलचीच वाहवा होणार, हे तिला अगदी स्वच्छ दिसलं, आणि तिने ओरडणं बंद केलं.

सव्वा वाजता स्वयंपाकघराचं दार उघडलं. इर्मा चालायची चौकट धरून उंबऱ्यात उभी होती.

"ग्लेंडा, आज जेवायचं नाहीये का?" मग तिने डोळे बारीक केले. "हे काय?"

डेल आगीवर गेलाय, कैची त्याच्या खिशात गेलीय, असं ग्लेंडाने एकेक शब्द मोठ्याने सांगितलं. म्हातारी खुदकन हसली.

"त्याचा बाप ऑटो, तोही तसाच. मला छपरावर ठेवून शिडी घेऊन गेला होता. तेव्हाही भोंगाच झाला होता."

"मग?"

"मग काय. तो आला तेव्हा उतरले."

गॅरेजच्या फळीवर पुठ्ठे कापायचा चाकू होता. ग्लेंडाने तो नजरेने दाखवला. इर्माने चौकटीवरचा एक हात उचलून तिच्यासमोर धरला. तो वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. या हातात चाकू घेऊन मी तुझ्या गळ्याशी यायची नाही, ती म्हणाली, आणि ते बरोबरच होतं. डेल येईल की तासाभरात, दात काय पळून जातोय, असंही म्हणाली.

"दात नाही दुखत, आई," ग्लेंडा म्हणाली.

आणि तिने सांगून टाकलं. हात पसरून, पाय बांधून उभं असताना माणूस खोटं बोलत नाही, किंवा त्याला तेवढी ताकद राहत नाही. पॉमेरॉयबाई, कारखाना, तीनची वेळ, सगळं तिने मोठ्या आवाजात सांगितलं, कारण यंत्र म्हातारीच्या कानात नव्हतंच. इतक्या मोठ्याने बोललेलं ऐकताना तिचं तिलाच ते धाडसाचं वाटलं.

इर्माने चौकटीवर दोन्ही कोपरं टेकली.

"डेलला ठाऊक आहे?"

"नाही."

"सोमवार ते शुक्रवार तिकडं."

"हो."

"मग मला सुई कोण टोचणार?"

ग्लेंडाने इस्त्रीच्या टेबलाकडे बघितलं. दहा दिवस ती याच प्रश्नाला वळसा घालून चालली होती. इर्माने मान हलवली, स्वतःशीच.

"शिवणाची कैची आणते," ती म्हणाली, चौकट वळवली, आणि गारवा आत येतो म्हणून दार लोटून घेतलं.

म्हातारीची खोली घराच्या दुसऱ्या टोकाला. जायला पाच मिनिटं, शोधायला पाच, यायला पाच. ग्लेंडाने हिशेब मांडला. पावणेदोनपर्यंत मोकळी होईन, तोंड धुवायलाही वेळ मिळेल. दीड वाजता खिळ्यावर टांगलेल्या जाकिटात तिचा फोन वाजला. कुणाचा नाही, तिनेच आठवण म्हणून लावलेला गजर होता. वाजून वाजून तो बंद झाला.

पावणेदोन झाले. इर्मा आली नाही.

सुरुवातीला ग्लेंडाला काळजी वाटली, पडली तर नाही? पण मग भिंतीपलीकडून चौकटीची खटखट ऐकू आली, कपाट उघडल्याचं आलं, खण ओढल्याचं आलं. म्हातारी ठणठणीत होती. फक्त येत नव्हती. आणि ग्लेंडाच्या मनात जे यायला नको ते आलं. ही मुद्दाम करतेय. दोन वाजू देतेय. सुई कोण टोचणार, हे विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, म्हणून स्वतःच उत्तर शोधलं तिने. अकरा वर्षांत कधी केला नव्हता एवढा राग ग्लेंडाने त्या पंधरा मिनिटांत केला. तिने म्हातारीला मनातल्या मनात अशी नावं ठेवली जी ती कुणासमोर उच्चारणार नाही. म्हातारी मरून गेली असती तर, इथपर्यंत ती गेली, आणि मग रडायला लागली. डोळे पुसायला हात नव्हते. पाणी गालांवरून ओघळून गळ्याशी पट्टीच्या काठात साचत राहिलं.

दोन वाजून सात मिनिटांनी दार उघडलं.

इर्माने रविवारचा निळा कोट घातला होता. डोक्यावर चर्चची टोपी. कानात यंत्र. चौकटीच्या मुठीला तिची फुलाफुलांची कापडी बॅग लटकत होती, गच्च भरलेली, आणि बॅगेच्या तोंडातून कैचीच्या दांड्या वर आल्या होत्या.

"आवरायला वेळ लागला," ती म्हणाली. "ही बटणं लागता लागत नाहीत."

"आई, तुम्ही कुठं निघालात?"

"व्हर्डाकडं. मला तिथं सोड आणि तू पुढं जा." पायरीवर आधी बसायचं, मग पाय खाली सोडायचे, असं करत ती दोन पायऱ्या उतरत होती. धापा टाकत बोलत होती. "मी घरात असले तर तू निम्म्या वाटेतून माघारी येशील. ओळखते मी तुला. व्हर्डाला सुई येते टोचता, नऊ वर्षं नवऱ्याला टोचली तिनं. औषधं घेतलीत, आठवड्याची. डेल राहील पावावर."

व्हर्डा तिची धाकटी बहीण, पाच मैलांवर राहायची, डेटनच्या बरोबर उलट्या दिशेला. ग्लेंडा तिच्या टोपीकडे बघत राहिली. थोड्या वेळापूर्वी जे मनात आणलं होतं ते अजून तिथेच बसलेलं होतं.

मागे गाडी आडवी होती, चौकट शिरेना, म्हणून इर्माने समोरून कापायला घेतलं. दोन्ही हातांनी कैची धरून, गळ्यापासून खाली, एका वेळी बोटभर. हात इतके थरथरत होते, की प्रत्येक वेळी टोक आत घालायला तीन प्रयत्न लागायचे. मध्ये मध्ये ती थांबायची, श्वास घ्यायची आणि तू घाई करू नकोस, असं ग्लेंडालाच बजावायची. वर्षानुवर्षं ग्लेंडाने तिची नखं कापली होती, आणि आता ही तिला कापून काढत होती. कमरेपर्यंत आल्यावर ग्लेंडाने हात ओढून घेतले आणि उरलेलं स्वतः फाडलं. घड्याळात दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

तिने न्हाणीघराचं दार लावून फोन केला. पॉमेरॉयबाई आलेल्या दुसऱ्या माणसाशी बोलत होती. कुणीतरी पोरगी फोनवर होती, आवाजाने गोड. तीनला पोचणार नसाल तर अवघड आहे, ती म्हणाली, बाई सव्वातीनला विमानतळावर निघतात आणि जागा आजच भरायची आहे. कळवलंत हे बरं केलंत, असंही म्हणाली. ग्लेंडाने तिचे आभार मानले.

ती बाहेर आली तेव्हा इर्मा गाडीत बसलेली होती. पट्टा लावून, बॅग मांडीवर घेऊन, जत्रेला निघालेल्या पोरीसारखी ताठ. इतक्या वर्षांत ती स्वतःहून कधी गाडीत चढली नव्हती.

"उशीर तर नाही ना झाला?"

"नाही," ग्लेंडा म्हणाली.

फोन केलाय, पावणेचारला या म्हणाले, असंही तिने जोडून दिलं. खरं बोलायला किती लागलं असतं? चार शब्द. पण ते चार शब्द त्या टोपीसमोर बोलायचे होते, त्या लावलेल्या बटणांसमोर. माझ्यासाठी तुम्ही बटणं लावत बसलात आणि त्यातच माझं गेलं, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने गाडी सुरू केली आणि व्हर्डाच्या दिशेला लागली. वाटेत घराघरांच्या अंगणांत भोपळे आणि सांगाडे लागले होते. इर्मा प्रत्येकाला नावं ठेवत होती. विकतचं आहे, ती म्हणायची, पैसे टाकले आणि आणलं, हातात काही नाही लोकांच्या.

व्हर्डाच्या ओसरीवर तिला पोचवून ग्लेंडा लगेच निघाली, कारण लगेच निघणं भाग होतं. म्हातारी दारातून हात हलवत होती. वळण घेतल्यावर मैलभर पुढे शेतीच्या अवजारांचं दुकान लागतं. तिथल्या मोकळ्या जागेत, ट्रॅक्टरांच्या रांगेमागे तिने गाडी लावली, आणि बसून राहिली. डेटनला जायला, भेटायला आणि परत यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा तिला काढायचा होता.

तीन वाजले तेव्हा तिने सीटखालचं पाकीट काढून एकेक फोटो बघितला. चांगलं काम होतं. कुणी न सांगता तिला ते कळत होतं, आणि त्यानेच जास्त वाईट वाटलं. फोटो पुन्हा पाकिटात गेले.

चारच्या सुमाराला डेलचा फोन आला. यंत्र जळून खाक झालं, मका अर्धा वाचला, माणसं सगळी सुखरूप. मग म्हणाला, तुला तसंच ठेवून गेलो, पार विसरलोच गं, आणि त्याचा आवाज खरोखरच ओशाळला होता.

"दात काढला का?"

"नाही. राहिला."

"आणि नवरी समोरून कुणी फाडली? समोरून कुणी कापतं का? आता मी ती सांधतोय, पण छातीवर हा एवढा मोठा व्रण दिसणार."

"दिसू दे," ग्लेंडा म्हणाली. "कुणीतरी आतून निघून गेलंय असं वाटेल."

डेलला ते पटलं. मग म्हणाला, हे भारी आहे, लोकांना हेच सांगतो. आई कुठाय, त्याने विचारलं. व्हर्डाकडे, असं ऐकून आज कसं काय, असंही विचारलं, पण उत्तराची वाट बघितली नाही. सहाच्या आत ये, म्हणाला, कुठली वायर कुठल्या दिव्याची ते तुझ्याशिवाय कुणाला कळत नाही इथं.

पाचला ती व्हर्डाच्या दारात उभी राहिली. दोघी बहिणी आतल्या खोलीत होत्या. व्हर्डाने भिंतीलगतच्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती आणि कपाटाचा एक खण रिकामा करून दिला होता. इर्माचा रात्रीचा झगा त्या खणात घडी करून ठेवलेला. पलंगाखाली तिच्या सपाता. उशाशी नवऱ्याचा, ऑटोचा फोटो, बंबवाल्याच्या टोपीतला.

"हिला म्हटलं, हिवाळाभर राहते," इर्मा म्हणाली. ती पलंगाच्या कडेवर बसली होती, हात मांडीत. "तिची हरकत नाही. खिडकीतून वारा येतो जरा, पण पडदा लावता येईल. बोल. काय झालं?"

ग्लेंडा ट्रॅक्टरांमागे दोन तास एकच वाक्य घोकत बसली होती. कळवतो म्हणाले, असं ते वाक्य होतं. पण तो खण बघितला आणि तिला कळलं, की कळवतो म्हटलं तर म्हातारी इथेच राहील, या वाऱ्याच्या खिडकीपाशी, न येणाऱ्या फोनची वाट बघत.

"नाही घेतलं," ती म्हणाली. "त्यांना तरुण मुलगी हवी होती."

"काम बघितलं का त्यांनी तुझं?"

"बघितलं. आवडलं म्हणाले."

"आणि तरी?"

"तरी."

इर्माने थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघितलं. "माझ्यामुळं उशीर नाही ना झाला तुला? खरं सांग."

"नाही आई. पाच मिनिटं आधीच पोचले होते मी. बाहेर बसून राहावं लागलं."

म्हातारीचे खांदे खाली आले. दुपारपासून तिने ते किती घट्ट धरले होते हे ते सुटल्यावर दिसलं. तिला बरं वाटलं होतं, अगदी मनापासून बरं वाटलं होतं, आणि ते दिसू नये म्हणून ती त्या डेटनवाल्यांना शिव्या द्यायला लागली. डोळे फुटलेत मेल्यांचे, असले हात कुठं मिळणार आहेत त्यांना. व्हर्डा स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवू लागली. ग्लेंडा ऐकत उभी होती. तिला राग आला नाही. एवढं तरी कुणाचं तरी भलं झालं, असं वाटलं, आणि हे असं वाटण्यातच आपलं आयुष्य गेलं, हेही त्याच क्षणी वाटलं.

मग इर्मा उठली. खणातला झगा तिने काढला, पलंगावर ठेवला, पुन्हा घडी केली, कारण पहिली नीट झाली नव्हती. ग्लेंडाने पलंगाखालून सपाता काढल्या, एकीत एक बसवल्या आणि कापडी बॅगेचं तोंड दोन्ही हातांनी उघडून तिच्यासमोर धरलं. झगा गेला, सपाता गेल्या, औषधांची डबी गेली. ऑटोचा फोटो हातात घेऊन इर्मा थांबली. काच झग्यात गुंडाळावी की नुसतीच ठेवावी, हे तिला ठरवता येईना.

"तुला घाई आहे का?" तिने विचारलं.

"नाही," ग्लेंडा म्हणाली. "पोरं सहाला येतात. तुम्ही सावकाश भरा."